जहाजाच्या पोटाचा पत्रा

मी आणि माझ्या बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे घोंगडीला खळ लावणं. चिंचोके भिजवून, वाटून, शिजवून तिनं पातेलंभर खळ केली होती. घोंगडीची दोन टोकं बाजेच्या पायांना बांधलेली, दोन टोकं मी ताणून धरलेली, आणि ती कुंचा घेऊन खळ फासत होती. घोंगडी तिच्या माहेरची. तिचे वडील मेंढरं राखायचे. खळ दिली की घोंगडी ताठ होते, वारा आत शिरत नाही, पाणी शिरत नाही, असं तिचं म्हणणं. मला ती अंगाला टोचायची आणि वास यायचा. हे मी दरवर्षी बोलायचो आणि दरवर्षी टोकं धरून उभा राहायचो.

शनिवार होता, दुपार कललेली. गाव आमचं कळंब. नव्वद साल उलटून सात-आठ वर्षं झाली असतील.

तेव्हा आमचा एकुलता एक पोरगा बारामतीत कॉम्प्युटरचा क्लास चालवायचा. एस.टी. स्टँडच्या मागं खताच्या दुकानावर एक खोली, तीन कॉम्प्युटर, एक पंखा. वय सत्तावीस. लग्न नाही. सकाळी शिकवायचा आणि उरलेल्या दिवसात काय करायचा, तर लढाऊ जहाजांचा खेळ बनवायचा. काचेवर समुद्र, समुद्रात दोन जहाजं, तोफा डागायच्या आणि एकमेकाला बुडवायचं. हे बारामतीत. कालव्याला पाणी सुटलं तर जिथं चार गावं बघायला जातात, तिथं बसून हा समुद्र करत होता. पोराला पोहता येत नव्हतं, हेही सांगून ठेवतो.

महिनाभर आधी मी आणि त्याची आई तो खेळ बघायला गेलो होतो. तिनं भाकरी-पिठलं बांधून नेलं होतं. पोरानं आम्हाला दोन खुर्च्या दिल्या, एक जहाज आईला दिलं, एक मला. माझं लहान, तिचं थोरलं. मी वीसेक गोळे मारले. तिच्या जहाजाला काही होईना. गोळा लागायचा, ठिणगी उडायची, जहाज आपलं उभं. तिनं एक गोळा मारला आणि मी तळाला गेलो.

"ह्ये काय?" मी म्हटलं. "म्हशीला गोमाशी चावल्यागत."

"आबा, त्येचा पत्रा बारा इंची हाय," पोरगा म्हणाला. "तुमचा गोळा आठ इंच फोडतो. आठ बारापेक्षा कमी, म्हणून उडून जातो. असा हिशेब मी बसवलाय."

"मग म्या मारायचं कशाला? आधीच हात वर करतो की."

ती पदर तोंडाला लावून हसत होती. "परत खेळू या," म्हणाली. "मला लई आवडला ह्यो खेळ."

"तुला आवडणारच. तू बारा इंचाची."

पोरगा हसला नाही. त्याचं दुखणं तेच होतं. पुण्यात एक गृहस्थ होता, तो कॉम्प्युटरच्या मासिकाबरोबर सीडीची तबकडी वाटायचा. तिच्यात हा खेळ घालतो आणि बरा निघाला तर पुण्यात कायमचं काम देतो, असं त्यानं कबूल केलं होतं. पण त्याच्याकडच्या पोरांनी खेळून सांगितलं, थोरलं जहाज बुडतच नाही, एकतर्फी आहे, यात मजा काय? म्हणून आमच्या पोरानं बाराचे दहा केले. तरी बुडेना. नऊ केले. आठ केले. आठला आल्यावर लढाई बरोबरीची व्हायला लागली. लगेच तिथला दुसरा एक शहाणा उठला. म्हणाला, खऱ्या जहाजाचा पत्रा बारा इंची होता, पुस्तकात छापलंय, तुम्ही आठ कसा लावता? इतिहास खोटा होतो. बारा ठेवला तर खेळ मरतो, आठ केला तर इतिहास मरतो. या दोघांच्या मध्ये आमचं पोरगं मेलं होतं. पुण्याच्या माणसानं सोमवारपर्यंतची मुदत दिली होती.

मला त्या सगळ्यांची शिसारी यायची. तो शहाणा कधी समुद्रावर गेला असेल तर भेळ खायला. पुस्तकातला इंच तो त्याला देवाचा इंच वाटत होता. आणि आमचा पोरगा तर त्याहून येडा. किराणा दुकानदार काट्यात फेरफार करतो तसा जहाजाचा पत्रा तासत बसला होता. त्याला वाटायचं पत्रा म्हणजे आकडा. खोडला की पातळ.

खरं सांगायचं तर खेळ पुण्याला पसंत पडू नये असंच मला वाटत होतं. आमचं ठरलं होतं, नाकारला तर क्लास बंद करायचा आणि साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात मी शब्द टाकून ठेवला होता तिथं हजर व्हायचं. कामगारांच्या हजेऱ्या लावायच्या. पोरगा दमला होता, त्यानं मान हलवली होती. तिला ते पसंत नव्हतं. ती म्हणायची, "हजेरीच्या खिडकीत बसवायला म्या त्येला शिकवला न्हाय." सोमवारवर हे सगळं टांगलं होतं, आणि मी हात बांधून बघत बसलो होतो.

बघत बसलो होतो असं मुद्दाम म्हणतो. कारण चूक कुठं आहे ते मला पहिल्याच दिवशी, त्या खुर्चीत बसल्या बसल्या कळलं होतं.

मी चौथीत शाळा सोडली. पण सोळा वर्षं मुंबईत दारूखान्याच्या बंदरावर जहाजं तोडली. मोडीत काढलेली जहाजं किनाऱ्याला ओढून आणायची आणि आम्ही गॅसनं कापून त्यांचे तुकडे करायचे. मी कटर होतो. बाकी सगळी जहाजं मालाची नाहीतर तेलाची. एकदाच लढाईचं जहाज आलं. आत जायच्या आधी वाटलं होतं, आता मेलो, सगळीकडं जाडजूड लोखंड असणार. तसं काही नव्हतं. नाकाकडनं कापायला लागलो तर ज्योत लावली की पलीकडं ठिणग्या. तव्याचा पत्रा. शेपटीकडं तेच. वर बघावं तर तेच. आम्ही हसलो, म्हटलं याच्यापेक्षा आमच्या चाळीची टाकी जाड. मग मधल्या पोटाला आलो आणि हसू गेलं. एक बिडी ओढून व्हायची तरी भोक पडत नव्हतं. चार इंच पोलाद, वरचा थर तर असा कडक की छिन्नीचं तोंड वळायचं. आमचं जहाज लहानातलं, म्हणून चार. थोरल्याला बारा असतील, त्यात खोटं काही नाही. पण ते असतात पोटाला. आत इंजिन, बॉयलर, दारूगोळ्याची कोठी असते तेवढ्याच भागाला. आणखी तोफांच्या घरांना आणि कप्तान उभा राहतो त्या खोलीला. बाकी जहाज उघडं. सगळीकडं बारा इंच लावले तर ते जहाज गोदीतनं निघायच्या आधीच तळाला जाईल.

पोरानं पुस्तकातला बाराचा आकडा घेतला आणि अख्ख्या जहाजाला नाकापासून शेपटीपर्यंत लावला. मग ते बुडेना म्हणून अख्खंच तासलं. आकडा बरोबर होता. जागा चुकली होती.

हे मला ठाऊक होतं आणि मी सांगत नव्हतो. का नव्हतो तेही सांगतो, लपवायचं काही उरलेलं नाही. पोरगा कॉलेजात जाताना फॉर्म भरला होता. वडिलांचा धंदा, या रकान्यात त्यानं 'शेती' लिहिलं. आमची शेती तेव्हा सव्वा एकर, तीही वाट्यानं लावलेली. मी सोळा वर्षं धूर गिळला, पायाच्या करंगळीवर प्लेट पडून नख गेलं, आणि पोराच्या फॉर्मात मी कुठंच नव्हतो. तो फॉर्म मी वाचला आणि गप्प बसलो. त्यानं पुढं कधी विचारलं नाही, आबा तुम्ही मुंबईत काय करत होता? मीही सांगितलं नाही. म्हटलं, विचारेल तेव्हा बघू. दहा वर्षं गेली. माणूस कशाकशावर दहा वर्षं घालवतो.

तर त्या शनिवारी खळ लावताना ती म्हणाली, "पोरगं चार दिस झोपलं न्हाय म्हणं. डोळं आत गेल्यात."

"मग झोप म्हणावं. जहाज काय पळून जातंय?"

"तुमाला कायतरी ठावं हाय," ती म्हणाली. "त्या दिवशी खेळताना तुमी नुसतं हुं केलं. तुमी हुं केलं की ठावं असतं."

मी टोकं ताणली. पण माणूस चांगलं काम करून बसला असला की त्याला बोलायची खाज असते. मी तिला ते जहाज सांगितलं. नाक तव्याचं, शेपूट तव्याची, पोट चार इंचांचं. लग्नाला बत्तीस वर्षं झाली होती आणि दारूखान्यात मी काय करत होतो ते तिनं पहिल्यांदा नीट ऐकलं. कुंचा खळीत तसाच उभा राहिला.

"म्हंजी आमच्या कुत्र्याच्या पट्ट्यावानी," ती म्हणाली.

"कसला पट्टा?"

"आवो, बाबांच्या कुत्र्यांना खिळ्यांचा पट्टा असायचा न्हवं का. लांडगा नरड्याला धरतो, म्हणून नरड्याला लोखंड. शेपटीला कोण पट्टा बांधतं? शेपटी तोडली तर कुत्रं बोंबलंल, मरायचं न्हाय."

"आन् सगळ्या अंगाला लोखंड घातलं तर?"

"मग लांडग्याच्या मागं पळायला तुमाला पाठवायचं."

आता सांगा. पुण्यातले शहाणे, पुस्तक, तीन कॉम्प्युटर, चार रात्रींचं जागरण, आणि इथं अंगणात खळीनं हात बरबटलेली बाई, शाळेचं तोंड न बघितलेली. मी खो-खो हसलो. तीही हसली. मग म्हणाली, "उद्या सकाळच्या गाडीनं जा आन् पोराला सांगा."

"म्या न्हाय सांगणार. त्यानं इचारावं."

"त्येला काय ठावं इचारायचं?"

"का? फॉर्मात 'शेती' लिवायला ठावं व्हतं. बाप भंगार तोडतो ह्याची लाज वाटायला ठावं व्हतं."

तिनं कुंचा खाली ठेवला. "ते म्या लिवायला लावलं," म्हणाली.

मी टोकं धरूनच तिच्याकडं वळलो.

"त्यो 'मुंबईत हमाली' लिवत व्हता. म्याच म्हणलं, शेती लिव. हमालाचं पोरगं म्हणून पुढं सोयरीक कोण जुळवंल? शेती म्हणलं की बरं दिसतं." आणि वर हसून म्हणाली, "येवढं मनात धरलं व्हय तुमी? मला वाटलं, तुमी वाचलंच न्हाय."

इथं शहाण्या माणसानं काय करावं? हसावं. दहा वर्षांचा काटा निघाला म्हणून बायकोला गूळ-पाणी द्यावं. मी घोंगडीची टोकं सोडून दिली. ओली घोंगडी मातीत पडली. मी म्हटलं, "माझी लाज तुलाच व्हती तर." आणि ओसरीच्या दुसऱ्या टोकाला तोंड फिरवून बसलो.

घोंगडी तिनं एकटीनं उचलली, माती झटकली, बाजेवर पसरली. थोड्या वेळानं चहा आणून माझ्यामागं ठेवला. मी प्यालो नाही. "निवतोय," ती म्हणाली. मी ऐकलं नाही असं केलं. एवढा मोठा मानकरी मी.

मग ती जोत्यावर बसली आणि म्हणाली, छातीत जळतंय. मला वाटलं, मला बोलतं करायची युक्ती आहे. दुसऱ्यांदा म्हणाली तेव्हा मी वळून बघितलं. तिच्या कपाळावर घाम होता आणि हात दुसऱ्याच कुणाचा असावा तसा मांडीवर पडला होता. शेजारच्याची जीप काढली. बारामती यायच्या आधी, दिवस अजून पुरता मावळलाही नव्हता, तिचं डोकं माझ्या खांद्यावर जड झालं. डॉक्टरनं हात लावला आणि माझ्याकडं बघितलं. पोरगा क्लासमधून पळत आला होता. पायात एकच चप्पल. त्याच दिवशी तिला परत गावी आणून सगळं आटोपलं.

लोक म्हणतात, बरं झालं, हाल झाले नाहीत. असं म्हणणाऱ्यांना माझ्या ओसरीवर बसवून तो निवलेला चहा पाजावासा वाटतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगण भाऊबंदांनी भरलं होतं. आमच्यात चूल पेटत नाही, शेजारून पिठलं-भाकरी आली होती. लोक खात होते आणि मेलेल्या बाईचे गुण मोजत होते. जन्मभर जिला वाट्याच्या पाण्याची पाळी वेळेवर दिली नाही तिचे गुण. बावड्याहून आलेला चुलतभाऊ सगळ्यांत मोठ्यानं बोलत होता. पोरगा भिंतीला टेकून बसला होता, डोकं भादरलेलं. मी त्याच्यापुढं जाऊन बसलो.

"उद्या सोमवार," मी म्हटलं.

त्याला आधी कळलंच नाही. मग म्हणाला, "आबा, आता कशाचा खेळ? मी कारखान्यात जातो. तुमी म्हणाल तसं."

गंमत बघा. मला जे पाहिजे होतं ते माझ्या पदरात पडलं होतं. पोरगा हजेरीच्या खिडकीत बसायला तयार. आणि मला ते बघवेना.

"म्या सोळा वर्षं जहाजं तोडली," मी म्हटलं. "लढाईचं एक तोडलं. तुझा पत्रा चुकलाय."

त्यानं डोकं वर केलं. "तोडली म्हंजी? आई म्हणायची, मुंबईचं आबांना काय इचारू नगं, त्यांना तरास व्हतो."

म्हणजे तेही तिनंच. दोघांच्या मधोमध उभी राहून ती दोघांनाही झाकत होती, आणि आम्हाला वाटायचं पलीकडचाच आडमुठा आहे. मला तिचा राग आला. आजही येतो. पण भांडायला ती जागेवर नव्हती.

"ऊठ," मी म्हटलं. "बारामतीची गाडी यील."

चुलतभाऊ तिथून ओरडला, "तात्या, आवो सुतकात घर सोडत न्हाईत. लोक काय म्हणत्याल?"

"लोक हितंच बसल्यात की," मी म्हटलं. "काय म्हणायचं ते आत्ता म्हणा. भाकरी संपायच्या आत."

"आन् पोराला कशापायी वढताय?"

"जिचं सुतक तिनंच सांगितलंय. 'उद्या सकाळच्या गाडीनं जा.' काल बोलली. तुमी तिच्यापेक्षा मोठं असाल तर आडवा."

कुणी आडवलं नाही. कुजबुजले असतील, कुजबुजू दे. आम्ही बापलेक रस्त्यावर येऊन उभे राहिलो. गाडीत मी त्याला सगळं सांगितलं. नाक, शेपूट, पोट, बिडीभर वेळ लागायचा ते. कंडक्टर दोनदा तिकिटं विचारून गेला, आमचं लक्ष नव्हतं. पोरगा मधेच विचारायचा, "म्हंजी नाकाला गोळा लागला तर?" मी म्हणायचो, "लागू दे की. भोक पडंल, पाणी शिरंल, जहाज मंदावंल. वळायला लागलं की कण्हंल. बुडायचं न्हाय." तो म्हणाला, "मग ल्हान जहाजाला वाव मिळतो. नाक फोडून त्येला मंद करायचं आन् मागं जायचं." मी म्हटलं, "लढाई करणाऱ्यांनी तेच केलं आसंल. ती माणसं तुझ्या त्या शहाण्यावानी येडी नव्हती." खिडकीबाहेर उसाच्या गाड्या चालल्या होत्या. पोरगा बाहेर बघतच म्हणाला, "मला वाटायचं तुमी तितं हमाली करत व्हता."

"हमाली बरी," मी म्हटलं. "हमाली करताना बोट भाजत न्हाय."

खताच्या दुकानाला कुलूप होतं, रविवार. आम्ही मागच्या जिन्यानं वर गेलो. त्यानं यंत्र चालू केलं. ते जागं व्हायला बराच वेळ लागतो, तेवढ्यात मी खुर्ची ओढली. काचेवर थोरलं जहाज आलं, आडवं, काळं. पोरगा म्हणाला, "आता ह्येचं भाग पाडायला लागत्याल. कुठनं कुठवर पोट धरायचं?"

मी पुढं वाकलो आणि पहिल्या धुराड्याच्या अलीकडं बोट टेकवलं. काच कोमट होती, केसाएवढी वीज बोटाला चावली.

"हितनं," मी म्हटलं. मग बोट ओढत मागच्या तोफेपर्यंत नेलं. "हितवर. एवढ्याला बारा."

"बारा? आठ न्हाय?"

"बारा म्हंजी बारा. एक दोरा कमी करायचा न्हाय."

तो टाइप करायला लागला. त्याला डोळे पुसायचे होते पण हात मोकळे नव्हते, म्हणून खांद्यालाच तोंड घासलं. "आबा," म्हणाला, "बोट काढू नगा. मला खूण लागंल."

मी बोट तिथंच धरून बसलो.